कोळशाच्या वजनावरून धुराचा हिशेब

उद्योगांनी किती कार्बन डायऑक्साइड सोडला याचे आकडे आता दरवर्षी छापून येतात. वाचणाऱ्याला वाटतं, चिमणीच्या तोंडाशी कुठेतरी मोजयंत्र बसवलेलं असणार. काही ठिकाणी ते असतंही. पण जगाचा आणि बहुतेक देशांचा एकूण आकडा निघतो तो खाणी, रिफायनऱ्या आणि बंदरांच्या नोंदींवरून. इंधन किती जळलं आणि त्यात कार्बन किती होता हे कळलं, की वायूचं वजन कागदावर काढता येतं.

ही रीत जुनी आहे. हवेतल्या कार्बनचा तापमानाशी संबंध मांडणाऱ्या स्वांते अर्‍हेनियस यांच्या १८९६ च्या लेखात त्यांचेच स्वीडिश सहकारी आर्विड हगबोम यांचं गणित आहे: जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा निघतो, आणि तो जळला की हवेत आधीच असलेल्या वायूच्या साधारण हजाराव्या भागाएवढी भर पडते. त्यात काळजीचं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश इंजिनिअरने मागच्या अर्धशतकाचा हिशेब मांडला. तो भरला १५ हजार कोटी टन. त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआवर हवेतला वायू मोजायला घेतला. हवेत किती साठतो हे दिसू लागल्यावर सोडला किती जातो, हेही नीट ठरवणं भाग होतं. १९७३ मध्ये त्यांनीच संयुक्त राष्ट्रांची इंधन आकडेवारी वापरून तो हिशेब केला आणि सिमेंटसाठी भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचा वायूही त्यात धरला. पुढे हे काम अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत गेलं. अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध करायला वसवलेल्या गावात जगाच्या कोळशाची खतावणी लिहिली जावी, हा एक मजेशीर योग. तिथल्या संशोधकांनी जुन्या नोंदी धुंडाळत ही मालिका थेट १७५१ पर्यंत मागे नेली.

१९९२ च्या हवामान करारानंतर मात्र प्रत्येक देशाने आपला हिशेब आपणच द्यायचा असं ठरलं, आणि वादाचा मुद्दा बदलला. इंधनाचं वजन गुणिले उष्मांक (टनामागे मिळणारी उष्णता) गुणिले त्या उष्णतेमागचं कार्बनचं प्रमाण, हे सूत्र सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न होता, त्यात आकडे कुणाचे घालायचे?

भारतासाठी हा प्रश्न मोठा होता. आपल्या कोळशात राख अनेकदा ४० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे टनामागे जळणारा कार्बन कमी. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातल्या राखेचे डोंगर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. १९९४ या वर्षाचा भारताचा पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ मध्ये सादर झाला, तेव्हा देशी कोळशासाठी स्वतंत्र गुणांक वापरले गेले. त्यानुसार वीजकेंद्रांत जळणारा एक टन कोळसा सुमारे १.८८ टन वायू सोडतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा २००६ मधला सर्वसाधारण आकडा लावला, तर तोच टन २.४४ वर जातो. यात एक मेख आहे. आपला कोळसा टनामागे कमी वायू सोडत असला, तरी तेवढीच उष्णता मिळवायला जास्त कोळसा जाळावा लागतो आणि उष्णतेमागचं उत्सर्जन किंचित जास्तच भरतं. ‘भारतीय कोळसा स्वच्छ’ म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही पाहावा.

चीनबाबत २०१५ मध्ये दोन्ही बाजूंनी गोंधळ उडाला. चिनी कोळशात कार्बन समजला जात होता त्याहून बराच कमी आहे, असं एका अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी चीननेच आपल्या कोळसा वापराचे जुने आकडे सुधारून वर नेले, काही वर्षांचे तर १७ टक्क्यांपर्यंत.

आता हा हिशेब देशावरून कारखान्यावर उतरतो आहे. २०१२ मध्ये भारतात ४७८ मोठ्या उद्योगांना लक्ष्य देणारी योजना आली, पण ती ऊर्जा मोजत होती. कार्बन मोजणारी व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून युरोपने आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमसोबत उत्सर्जनाचा तपशील मागायला सुरुवात केली. जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसेही लागू झाले. ज्या कारखान्याकडे स्वतःचा पडताळलेला आकडा नाही, त्याच्या मालाला युरोपने ठरवलेला, मुद्दाम चढा ठेवलेला आकडा लावला जातो.