दोन आकडे आणि फुटाळ्याचे मासे

मे २०२४च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. बघता बघता ती बातमी साऱ्या शहराच्या मोबाईलवर पोचली. उन्हाचा आम्हा नागपूरकरांना तसाही थोडा अभिमानच असतो, त्यामुळे कुणाला खोटंही वाटलं नाही. पुढे हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं आणि २३ मे २०१३चा ४७.९ अंशांचा विक्रम जागच्या जागी राहिला.

तेव्हा मला माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष आठवलं. आमच्याकडेही असाच एक न पटणारा आकडा आला होता.

प्रकल्प साधा होता: फुटाळा तलावाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. जोडीदार भरतनगरला राहायचा, म्हणून तो पहाटे सायकलने जाऊन नमुना आणायचा. मी कामठीहून बसने येणारा. माझा नमुना दुपारी तीनचा. महिनाभराने दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर त्याचे आकडे माझ्या निम्म्याच्याही खाली. तलाव तोच, काठ तोच, रसायनंही एकाच बाटलीतली.

मोजायची पद्धत विंकलरची. हंगेरीच्या लायोश विंकलरने ती १८८८मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा तोही पंचविशीतलाच, डॉक्टरेटचं काम करणारा होता. विरघळलेला ऑक्सिजन दिसत नाही आणि बाटली उघडी राहिली तर हवेतला ऑक्सिजन आत शिरून हिशेब बिघडवतो. म्हणून ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची आणि तलावाच्या काठावरच तिच्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. मँगनीज ऑक्सिजनला धरून बसतं आणि बाटलीत तपकिरी साका उतरतो. (साका पांढराच राहिला तर समजायचं की पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच.) लॅबमध्ये आणून आम्ल घातलं की मँगनीज आपलं देणं आयोडाइडवर ढकलतं आणि जितका ऑक्सिजन होता, त्या हिशेबात आयोडीन मोकळं होतं. पाणी सोनेरी दिसू लागतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या नळीतून, आयोडीन संपवणारं थायोसल्फेट. रंग गवताच्या काडीसारखा फिका झाला की स्टार्चचे थेंब घालायचे. सगळं गर्द निळं होतं, आणि मग एकेक थेंब सोडत जाता एका थेंबाला ती निळाई एकदम नाहीशी होते. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट घेतलं की ब्युरेटवरचा दर मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. गुणाकारसुद्धा नको.

इतक्या सरळ पद्धतीत आमचं चुकलं कुठे? गाईड सरांनी आधी थायोसल्फेटवर संशय घेतला, मग आमच्यावर. द्रावण नव्याने करून झालं, फरक तसाच. लॅबमधले काका म्हणाले, "काऊन बे, भांडून राहिले का दोघं? एकाच्या वहीतून उतरवून टाका ना." सरांनी तेच जरा सभ्य भाषेत सुचवलं: सरासरी काढा आणि मोकळे व्हा.

खरं सांगायचं तर आम्ही काढलीही असती. आमची सगळी तालीम तीच होती. प्रॅक्टिकलला गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं हे आधीच ठाऊक असतं, नाही आलं तर उलटं गणित मांडून आणलं जातं. पण जोडीदाराच्या वहीच्या समासात पेन्सिलीने दोन-तीन ठिकाणी लिहिलं होतं: "मासे वर तोंड काढून." माझ्या दुपारच्या नोंदींत मासे कुठेच नव्हते.

मग एका शनिवारी आम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तीन तासांनी बाटल्या भरल्या. मधल्या वेळात कणसं खाल्ली. आलेखाची रेघ सकाळी तळाला, दुपारी वर, अंधार पडल्यावर पुन्हा खाली. थोडं वाचल्यावर उलगडलं. हिरवट पाण्यातली शेवाळं उन्हात प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतात. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण ७.६ मिलिग्रॅमच मावतो, पण शेवाळं दुपारी पाणी त्याच्याही वर नेऊ शकतात. रात्री ऊन नाही. शेवाळं, मासे, जीवाणू सगळेच श्वास घेणारे, पुरवठा करणारं कुणी नाही. म्हणून पहाट ही माशांची सगळ्यात वाईट वेळ. दोन्ही वह्या बरोबर होत्या, आणि आमची सरासरी दिवसातल्या कुठल्याच घटकेचं खरं सांगत नव्हती. अंघोळीच्या पाण्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला किमान ५ मिलिग्रॅम लागतात. एकाच तलावाला दुपारी पास आणि पहाटे नापास करता येतं, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून कुठल्याही तलावाचा अहवाल हातात आला की मी आधी नमुन्याची वेळ शोधतो. बहुतेकदा ती लिहिलेलीच नसते.

विद्यापीठांच्या आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी कॉलेजात निवड होती. परीक्षकांनी पोस्टर पाहून विचारलं, "यात नवीन काय?" पुस्तकात सगळं होतंच. आम्ही गप्प. पोस्टर पुढे गेलं नाही.

पदवीच्या वर्गात खरोखर नवं सापडल्याचंही उदाहरण आहे. १९११मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा विशीचा विद्यार्थी टी. एच. मॉर्गनच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम करत होता. एकाच गुणसूत्रावरच्या जनुकांची ताटातूट एका जोडीत जेमतेम १ टक्का माश्यांत दिसे, दुसरीत ३२ टक्क्यांत. हे आकडे सारखे का नाहीत? त्याला सुचलं की हे अंतर असणार: जनुकं जितकी लांब, तितकी ताटातूट जास्त. त्या रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून त्याने जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. १९१३मध्ये तो छापून आला.

नव्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधन करता येतं, पण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. ही अट मला खटकते. समासात माशांची नोंद करणारा माझा जोडीदार पासष्टच्या वर कधी गेला नाही.

यंदा एका कॉलेजच्या पोस्टर प्रदर्शनात डोकावलो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चुना मारलेल्या आणि न मारलेल्या गच्च्यांचं तापमान घेऊन उभी होती. आलेखात एक ठिपका भलतीकडेच: त्या रात्री पांढरी गच्ची जास्त गरम. तिने तो खोडला नव्हता, भोवती पेन्सिलीने गोल केला होता.

"हे चुकलं का?" मी विचारलं.

"माहीत नाही सर," ती म्हणाली. "आज रात्री पुन्हा चढून राहिली ना गच्चीवर. या वेळी दोन थर्मामीटर घेऊन."