तुसाच्या राखेचं सिमेंट: खरा प्रश्न आचेचा

चुन्यात योग्य राख किंवा भाजलेल्या मातीची पूड मिसळली की तो पाण्याखालीही घट्ट होतो, हे ज्ञान सिमेंटच्या कितीतरी आधीचं. रोमन लोकांनी त्यासाठी नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख वापरली, तर आपल्या गवंड्यांनी विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्याच्या घाण्यात टाकली. 1824 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढच्या शतकभरात सुरखी मागे पडत गेली.

शेतातल्या राखेचा विचार मात्र तेव्हापासून अधूनमधून डोकं वर काढत आला आहे. काँक्रीटमध्ये तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची, राख घालण्याची पेटंट जर्मनीत 1924 मध्येच निघाली होती. तरी बरीच वर्षं त्यातून फारसं काही हाती लागलं नाही, कारण राख म्हटली की सगळी सारखीच, असं धरलं जायचं.

ती तशी नसते. 100 किलो धान भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं आणि ते जाळलं की 4 किलोच्या आसपास राख उरते. त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. तुसाचा ढीग उघड्यावर पेटवला तर तो ज्वाळा न धरता आतल्या आत धुमसतो, आणि राख काळी, कोळशाने भरलेली निघते. उलट भट्टीची आच 800 अंशांच्या वर बराच वेळ राहिली तर राख पांढरट होते, पण सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ते चुन्याशी जवळपास अभिक्रियाच करत नाहीत. उपयोगाची राख या दोन टोकांच्या मधे मिळते.

हे शिस्तीत मांडलं ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पी. के. मेहता यांनी, 1970 च्या दशकात. आच आटोक्यात ठेवून जाळलेल्या तुसात सिलिका अस्फटिक राहते, आणि राखेचा कण आतून इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमचं पृष्ठफळ 50 चौरस मीटरच्या घरात जातं. सिमेंट भिजल्यावर जो चुना मोकळा होतो, त्याला ही सिलिका धरते आणि नवा बंध तयार करते. 10 ते 20 टक्के सिमेंटऐवजी अशी राख घातली तर काँक्रीटची ताकद टिकते, बरेचदा वाढते, आणि पाणी व क्षार आत शिरायला वाट कमी मिळते. तीच छिद्रं मिश्रणातलं पाणी मात्र पितात, म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाणी न घालता मिश्रण पातळ ठेवणारं रसायन, लागतं.

भारतात तेव्हा सिमेंट परमिटवर मिळत होतं. त्या टंचाईत आयआयटी कानपूरच्या पी. सी. कपूर यांनी गावात चालेल अशी तूस जाळायची साधी जाळीची भट्टी केली, आणि चुना व राखेपासून ‘अश्मोह’ नावाचं सिमेंटसारखं जोडद्रव्य बनवलं. 1979 मध्ये पेशावरला शेतातल्या टाकाऊ मालापासून सिमेंटसारखे पदार्थ बनवण्यावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही झाली. पुढे 1982 पासून सिमेंटवरचं नियंत्रण सैल होत गेलं आणि त्या प्रयत्नांमागची निकड ओसरली.

नंतर औष्णिक वीज केंद्रांच्या फ्लाय अ‍ॅशने, म्हणजे कोळशाच्या बारीक राखेने, मैदान मारलं. ती एकाच ठिकाणी ढिगांनी मिळते, आणि 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेने तिच्या वापराला कायद्याचं बळही दिलं. तुसाची राख गिरणीगणिक थोडी आणि वेगवेगळ्या प्रतीची. काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, आयएस 456 च्या, 2000 च्या आवृत्तीत तिला जागा आहे, पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मंजुरीची अट आहे. एवढी जोखीम कोणता अभियंता आपणहून घेईल? माझ्या मते ही राख अडली ती इथेच, प्रयोगशाळेत नव्हे.

महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलइतकाच हा प्रश्न साखर कारखान्यांचाही आहे. कारखान्यांच्या वीज बनवणाऱ्या सहवीज प्रकल्पात जळलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी, आणि न जळलेले तंतू जास्त. आयआयटी मद्रासमध्ये मनू संथानम आणि सहकाऱ्यांनी ती 300 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तंतू काढले, मग सिमेंटइतकी बारीक दळली, आणि तेवढ्यावर ती कामाची ठरली. चाळणी आणि दळण्याची चक्की या काही कारखान्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी नाहीत. दर हंगामात राखेची प्रत तपासून तिचा दाखला देणारी व्यवस्था मात्र उभारावी लागेल.