माफी झाली, समेटाचं काय?

मराठीत 'माफी' या शब्दाला फार राबावं लागतं. कर्जाची माफी, शिक्षेची माफी, गर्दीत कुणाचा पाय तुडवला तरी माफीच. म्हणून दक्षिण आफ्रिकेबद्दल आपण सहज बोलून जातो: मंडेलांनी गोऱ्यांना माफ केलं, समेट झाला. झालं गेलं गंगेला मिळालं.

वर्णभेदाच्या राजवटीतले अत्याचार उघडकीला आणायला तिथल्या १९९५च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. या कायद्यातली माफी म्हणजे खटल्यापासून अभय. गुन्ह्यामागे राजकीय हेतू हवा आणि सगळं खरं सांगायला हवं. पश्चात्ताप झालाच पाहिजे, अशी अट नव्हती. ज्याने सोसलं त्याची संमतीही लागत नव्हती. १९७७मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या तरतुदीला आव्हान दिलं. १९९६मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते फेटाळलं. (बिको प्रकरणातल्या पोलिसांना पुढे माफी नाकारली गेली, तो भाग वेगळा.) सात हजारांवर अर्ज आले, ८४९ मंजूर झाले.

समेटाला मात्र दोन बाजू लागतात. १९९७मध्ये केप टाउनला आयोगाच्या सुनावणीत माफी मागणारा पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झिन समोर बसला होता. त्यानेच छळलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते टोनी येंगेनी आता खासदार होते. ओली पिशवी डोक्यावर ओढून श्वास कसा कोंडायचा, ते करून दाखव, असं येंगेनींनी सांगितलं. त्याने एका माणसावर ते दाखवलं. आणि मग उलट येंगेनींनाच आठवण करून दिली, की छळ सुरू झाल्यावर तुम्ही किती लवकर साथीदाराचा ठावठिकाणा सांगितलात. १९९९मध्ये बेन्झिनला माफी मिळाली. कायद्याच्या दृष्टीने चोख काम. पण याला समेट म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

दोन्ही एकत्र येतच नाहीत असं नाही. १९९३मध्ये केप टाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीत जमावाने मारलेल्या अमेरिकन विद्यार्थिनी एमी बील हिच्या आईवडिलांनी मारेकऱ्यांच्या माफीला विरोध केला नाही. त्यांतले दोघे पुढे तिच्या नावाच्या संस्थेत कामाला लागले. पण हे त्या माणसांनी केलं. सरकारला ते कुणाकडून करवून घेता येत नाही.

सरकारच्या हातात होती भरपाई. आयोगाने पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यायला सुचवलं होतं. वर्णभेदाच्या काळात कमावलेल्यांवर संपत्तीकरही. २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकींच्या सरकारने प्रत्येकी एकदाच ३०,००० रँड (तिथलं चलन) दिले. कर नाकारला.