दुर्बीण तिकडे, आपण इकडे. मग सॉफ्टवेअर कुठे?

दुरून दुर्बीण चालवून आकाशाचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "इंटरनेटचा स्पीड किती लागेल?" खरं तर हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की कॅमेरा, माउंट (दुर्बीण फिरवणारा मोटरचा आधार) आणि फोकसर (फोकस जुळवणारी मोटर) चालवणारं सॉफ्टवेअर दुर्बिणीपाशी ठेवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणार की आपल्या टेबलावरच्या. हे नीट ठरलं तर स्पीडवाचून फारसं अडत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो: दुर्बिणीपाशी. याचं मुख्य कारण गाइडिंग, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर अचूक धरून ठेवणं.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माउंटची मोटर त्याच वेगाने दुर्बीण त्याच्या मागे फिरवते. पण मोटरीला जोडलेलं वर्म गिअर (स्क्रूसारखं दातेरी चक्र) कितीही चांगलं असलं तरी शंभर टक्के निर्दोष नसतं. त्याच्या प्रत्येक फेऱ्यात दुर्बीण थोडी पुढे जाते, मग थोडी मागे पडते. म्हणून दुसरा एक छोटा कॅमेरा दर दोनेक सेकंदांनी एखाद्या ताऱ्याचा फोटो घेतो. सॉफ्टवेअर त्या ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्याही छोट्या हिश्शापर्यंत मोजतं आणि माउंटला सांगतं, "पश्चिमेला १२० मिलिसेकंद," म्हणजे तेवढा वेळ तिकडे सरक. मग पुन्हा फोटो, पुन्हा मोजणी. रात्रभर हेच चक्र.

हे चक्र नेटवर्कवरून फिरवलं तर काय बिघडतं? विलंब होतो म्हणून बिघडतं, असं बहुतेकांना वाटतं. जरा गणित करून पाहू. समजा गिअरची चूक दोन्ही बाजूंना १०-१० विकला आहे आणि एक फेरा ८ मिनिटांचा, म्हणजे ४८० सेकंदांचा. चूक साइन वक्राप्रमाणे बदलते असं धरलं, तर ती जास्तीत जास्त २π × १० ÷ ४८०, म्हणजे सेकंदाला ०.१३ विकला या वेगाने बदलेल. दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) ६०० मिमी आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १.३ विकला आकाश मावतं. म्हणजे दुरुस्ती अख्खा एक सेकंद उशिरा पोचली तरी नुकसान पिक्सेलच्या दहाव्या हिश्शाचं! त्याहून कितीतरी जास्त तर वातावरणच ताऱ्याला हलवतं. शिवाय "१२० मिलिसेकंद" हा आकडा आदेशातच असतो आणि बहुतेक आधुनिक माउंट ती वेळ स्वतःच मोजतात. आदेश वाटेत रेंगाळला तरी दुरुस्ती कमी-जास्त होत नाही.

मात्र वायफाय ३० सेकंद गप्प बसलं, तर त्याच वेगाने चूक ४ विकलांपर्यंत जाते. म्हणजे तीन पिक्सेल. तारे लांबुळके होतात आणि पाच मिनिटांचं एक्स्पोजर वाया जातं. घात करतो तो विलंब नव्हे, खंड. तेच सॉफ्टवेअर दुर्बिणीपाशी असेल, तर संपर्क तुटल्यावर फक्त आपला स्क्रीन काळा होतो. फोटो चालूच राहतात.

फोटोच्या फायलींचंही असंच आहे. २.६ कोटी पिक्सेलच्या, १६ बिटच्या कॅमेऱ्याची एक कच्ची फाइल ५२ मेगाबाइटची असते. प्रत्यक्षात सेकंदाला २० मेगाबिट देणाऱ्या वायफायवरून ती यायला २१ सेकंद लागतात. रिमोट डेस्कटॉप (तिथल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन घरी दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र मुख्यतः स्क्रीनवर जेवढं बदललं तेवढंच पाठवतो. फायली सकाळी आरामात उतरवून घ्या. स्टॅकिंगला (अनेक फोटो एकावर एक रचून एक करायला) घाई नसते आणि दणकट कॉम्प्युटर लागतो तो तिथेच.

मधला मार्ग आहे. इंडी या उपकरणं जोडण्याच्या पद्धतीत ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारं सॉफ्टवेअर) दुर्बिणीपाशी आणि केस्टार्स-इकॉस हे फोटो काढण्याचं सॉफ्टवेअर घरातल्या कॉम्प्युटरवर चालवता येतं. विंडोजवरच्या तशाच पद्धतीने, म्हणजे अ‍ॅस्कॉमने अल्पाका ही नेटवर्कवरून चालणारी पद्धत आणून तीच सोय केली. मधे इथरनेटची चांगली केबल असेल तर हे उत्तम चालतं. पण गाइडिंगचा प्रत्येक फोटो केबलवरून जाणार, हे विसरू नका.

हबल दुर्बिणीचीही विभागणी अशीच आहे. ०.००७ विकलांपर्यंत नेम धरून ठेवण्याचं काम यानावरच होतं. जमिनीवरून फक्त कार्यक्रम पाठवतात आणि फोटो नंतर उतरवतात. त्यामुळे दुर्बीण चालवणाऱ्या एखाद्या तयार खोक्यावर "एआय" लिहिलेलं दिसलं की मी आधी एवढंच बघतो, की नेट गेल्यावर हे चालतं का.

गाइडिंगपेक्षाही धोक्याची एक वेळ असते. जर्मन माउंट या प्रकारच्या माउंटवर तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटवावी लागते. तो आदेश घरातून यायचा असेल आणि नेमका संपर्क नसेल, तर कॅमेरा स्टँडवर आपटू शकतो. पाऊस आला तर छप्पर बंद करण्याचा निर्णयही तिथल्या तिथेच व्हायला हवा.

तिथला कॉम्प्युटर मोठा असायची गरज नाही. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पुरतो. फक्त त्याला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, आणि नेट नसताना सुरू केला तर तो चुकीची वेळ धरून बसतो. वेळ एक मिनिट चुकली की आकाश पाव अंश सरकतं आणि पलटण्याचा क्षणही तेवढाच चुकतो. म्हणून त्याला यूएसबीवर अचूक वेळ देणारा एक छोटा जीपीएस लावून ठेवा.