चेलो उतरलेला नव्हता

"मावशी, या माणसाचा चेलो उतरलाय!" नौपाड्यात व्हायोलिन शिकणारी माझी भाची हेडफोन काढत म्हणाली. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या पहिल्या चेलो सुइटचा (एकट्या चेलोसाठीच्या रचनामालेचा) प्रेल्युड, म्हणजे सुरुवातीचा भाग, आम्ही दोन वादकांकडून पाठोपाठ ऐकत होतो. मोबाइलवरच्या ट्यूनरनंही दुसऱ्याची पट्टी अर्ध्या स्वराने खाली दाखवली.

पण त्यानं मुद्दामच तशी जुळवली होती. आजचे वादक साधारणपणे 'ए' हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर लावतात. बरोक, म्हणजे बाखच्या काळातल्या, घाटाच्या चेलोवर वाजवणारे बहुधा 415 वर. ज्या खुल्या 'जी' तारेवर हा प्रेल्युड सुरू होतो, ती मग 98 ऐवजी सुमारे 92 वेळा थरथरते. शिवाय अशा चेलोला पोलादी तार नसून तात, म्हणजे आतड्याची तार असते. तिच्यात वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे उंच स्वर) लवकर विरतात, म्हणून आवाज मऊ लागतो.

तेव्हा तुलना करताना वाद्याचं काय आणि हाताचं काय, हे आधी वेगळं करावं लागतं. राळ लावलेल्या गजाला तार चिकटते, ताण वाढला की निसटते, पुन्हा चिकटते. ही हालचाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच उलगडली. गज घोडीजवळ, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीजवळ, नेला की आवाज धारदार होतो, दूर नेला की गोल. हा फरक हाताचा.

खरी गंमत मात्र वेळेत आहे. या सुइट्सची बाखच्या हातची प्रत सापडलेली नाही. पत्नी आना माग्दालेना यांनी केलेली नक्कल आहे, आणि तिच्यात एका गजात किती स्वर घ्यायचे ते जागोजागी नीट कळत नाही. ते वादकालाच ठरवावं लागतं. 42 बारांच्या (तालाच्या आवर्तनांच्या) या प्रेल्युडमध्ये कागदावर जवळजवळ सगळे स्वर सारख्या लांबीचे, पण तसे कुणीच वाजवत नाही. सॉनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पहिल्या बारांचा आलेख मोठा करून पाहिला. एक वादक प्रत्येक बारचा खालचा 'जी' किंचित लांबवत होता आणि पुढच्या स्वरांत ती उधारी फेडत होता. तेवढ्यानं तो स्वर कानात टिकतो आणि एकाच चेलोत दोन आवाज ऐकू येतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

तुम्हीही असे दोन वादक ऐकणार असाल, तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. मोठा आवाज उगाच सरस वाटतो. स्पॅनिश चेलोवादक पाब्लो कासाल्सची या सुइट्सची 1936 ते 1939 मधली ध्वनिमुद्रणं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी झाली. त्यातली खरखर त्याच्या हिशोबात धरू नका. आणि आमच्यासारखं घोडबंदर रोडला राहत असाल, तर रात्री उशिरा खिडक्या लावून ऐका. ट्रकची घरघर नेमकी त्या खालच्या 'जी'च्या आसपास असते, ती त्याला गिळून टाकते.

भाचीनं व्हायोलिन अर्ध्या स्वरानं उतरवलं, दुसरं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं आणि एक सप्तक वर, पहिले चार बार त्याच्याबरोबर वाजवले.