पुरुष अत्याचारग्रस्तांना आधार (भारत)

घरातील मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलग्यांना व पुरुषांना मिळणारी वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत. भारतात या मदतीला वयाची रेघ आहे. अठरा वर्षांखालील मुलाला कायदा ठामपणे जवळ घेतो. अठरा पूर्ण झाले की तोच कायदा बहुतांशी हात काढून घेतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले आणि त्यांत निम्म्याहून अधिक, ५२.९४ टक्के, मुलगे होते. ‘मुलग्याला काय होणार आहे’ ही घरोघरची समजूत खोडायला हा आकडा पुरेसा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून अत्याचारग्रस्त महिला व बालकांना अर्थसाहाय्य देते. बालकांमध्ये मुलगेही येतात. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

प्रौढ पुरुषाची स्थिती निराळी आहे. बलात्काराच्या व्याख्येत पीडित ही स्त्रीच असते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये पीडिताच्या बाबतीत लिंगभेद न ठेवण्याची शिफारस केली होती. फेब्रुवारीतील वटहुकुमाने पुढे जाऊन आरोपीच्या बाबतीतही तो काढला. त्याला महिला संघटनांनी रास्त हरकत घेतली आणि एप्रिलच्या कायद्यात जुनी चौकट परत आली. पीडित कोण आणि आरोपी कोण, हे दोन वेगळे प्रश्न होते. दुसऱ्यावरच्या वादात पहिला बुडाला.

या काळात पुरुषाला ‘अनैसर्गिक’ संबंध गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा आसरा होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले, पण संमतीविना केलेले कृत्य गुन्हाच ठेवले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही. दुखापत, बेकायदा डांबून ठेवणे अशी सर्वसाधारण कलमे तेवढी उरतात. अशा लैंगिक हल्ल्यापासून बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी चालेल, असा खासगी बचावाचा हक्क मात्र नव्या संहितेतही कायम आहे. हल्ला इतका गंभीर मानायचा आणि त्याला स्वतंत्र गुन्हा म्हणायचे नाही, ही विसंगती पीडिताच्या जिवावर उठणारी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये या त्रुटीबाबतच्या निवेदनावर निर्णय घेण्यास केंद्राला सांगितले.

घरगुती हिंसेचा २००५ चा कायदाही फक्त स्त्रीला तक्रारदार मानतो. पती क्रूरतेच्या आधारे घटस्फोट मागू शकतो. यातला पायाभूत निकाल पुण्यात सुरू झालेल्या खटल्याचा आहे: दास्ताने विरुद्ध दास्ताने (१९७५). न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने पत्नीची वागणूक क्रूर ठरवली. क्रूरता सिद्ध करायला फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, हेही सांगितले. तरी पतीने ती वागणूक माफ केली होती, असे धरून त्याने मागितलेली न्यायिक विभक्तता (विवाह न मोडता कायदेशीरपणे वेगळे राहणे) नाकारली गेली. पुन्हा जुळवून पाहणाऱ्या कुणालाही हा मुद्दा माहीत असायला हवा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कायद्याच्या आधी गाठ पडते ती ऐकणाऱ्या माणसाशी. ‘बायकोचा मार खातो’, ‘बाईल्या’, ‘हातात बांगड्या भर’ ही वाक्ये ऐकत वाढलेला माणूस बोलायला वर्षे लावतो. त्याने तोंड उघडल्यावर ‘तू दोन हात का केले नाहीस?’ असे विचारले, तर तो पुन्हा बोलत नाही. भीतीने शरीर गोठते, अंगात ताकद असूनही हात हलत नाही. अत्याचाराच्या वेळी शरीर उत्तेजित होणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा संमतीशी संबंध नाही. हे पीडिताला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावेच लागते, कारण नेमक्या याच गोष्टीपायी तो स्वतःला दोषी धरून बसलेला असतो.

वैद्यकीय बाजूला घाई महत्त्वाची. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून तपासणीआधी आंघोळ करू नये. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पुरुष व तृतीयपंथी पीडितांचाही विचार आहे आणि पोलिसांत तक्रार नसली तरी उपचार द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. मानसिक मदतीसाठी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तिथे वय किंवा लिंगाची अट नाही.