हार्ड डिस्क तापते म्हणजे नेमकं काय होतं? थोडा मागचा इतिहास

मे महिना लागला की दरवर्षी कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं, हार्ड डिस्क ४८ डिग्री दाखवतेय, उडेल का रे? आणि खाली उत्तरं ठरलेली, एक म्हणतो ४० च्या वर गेली की संपली, दुसरा म्हणतो कंपनीनेच ६० लिहिलंय, बिनधास्त वापर. दोघंही तसे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातलं बोलतायत. उष्णतेची भीती तीच राहिली पण भीतीचं कारण दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं, आणि ते बघितल्याशिवाय या आकड्यांना काही अर्थ नाही.

सुरुवात १९५६ पासून. आयबीएमने रॅमॅक नावाचं कॉम्प्युटर आणलं, त्यातल्या डिस्क युनिटमध्ये २४ इंचाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या घरात आणि मावायची किती तर ५० लाख अक्षरं. आजचा एक बरा फोटो. त्याचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, तबकडीला घासू नये म्हणून चक्क कॉम्प्रेसरची हवा मारून ते वर उचलून धरायचे. असलं धूड घरात-दुकानात कोण ठेवणार, ते एसी खोलीतच असायचं. पुढे साठच्या दशकात काढता-घालता येणारे डिस्क पॅक आले, केकच्या डब्यासारखे दिसायचे, त्यात एक पथ्य होतं की बाहेरून आणलेला पॅक लगेच मशीनवर चढवायचा नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. कारण साधं आहे, धातू गरम झाला की पसरतो, आणि तबकडी केसभर जरी पसरली तरी ट्रॅक, म्हणजे तबकडीवरची डेटाची गोल रेघ, जिथे लिहिला होता तिथे सापडत नाही. म्हणजे तेव्हा डिस्क जळेल ही भीती नव्हती, लिहिलेलं परत वाचता येईल की नाही ही होती.

आपल्याकडे शाळा-कॉलेजात कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढायला लावायचे आणि अख्ख्या इमारतीत एसी फक्त त्याच खोलीत असायचा, प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्येसुद्धा पंखा, त्याचं मूळ या मोठ्या मशीनच्या शिस्तीत आहे. मशीन लहान झाली, शिस्त तशीच राहिली.

१९७३ ला आयबीएमचं ३३४० म्हणजे प्रसिद्ध विंचेस्टर आलं, हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात. मग १९८० ला सीगेटची एसटी-५०६, सव्वापाच इंची, ५ एमबी, आणि १९८३ ला आयबीएम पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची डिस्क टेबलावर आली. इथे एसी खोली संपली आणि खरी गंमत सुरू झाली. या स्वस्त डिस्कमध्ये हेड सरकवायला स्टेपर मोटर असायची, ती मोजून पावलं टाकते, एक-दोन-तीन, पण पाऊल योग्य जागी पडलं का ते बघत नाही. आंधळी कोशिंबीर. मशीन सकाळी थंड असताना ट्रॅक एका जागी, दुपारी तापल्यावर किंचित सरकलेला. त्यामुळे सकाळी चालू केल्यावर ‘सेक्टर नॉट फाउंड’ अशी एरर आणि अर्ध्या तासाने काहीच न करता सगळं सुरळीत, असले भुताटकीचे प्रकार व्हायचे. त्या काळातले हार्डवेअरवाले सांगायचे की फॉरमॅट मारायच्या आधी मशीन अर्धा तास चालू ठेव, गरम होऊ दे, मग मार. म्हणजे बघा, डिस्क मुद्दाम तापवा असा सल्ला होता.

नंतर स्टेपर गेली आणि व्हॉइस कॉइल आली, लाउडस्पीकरमध्ये असते तशी, आणि डिस्कवरच खुणा लिहून ठेवायचे ज्या वाचत हेड आपली जागा ओळखतं. पण महागड्या डिस्कमध्ये या खुणा एकाच तबकडीच्या एका बाजूवर असायच्या. वरची तबकडी खालच्यापेक्षा जास्त तापली की हिशोब चुकणार, म्हणून डिस्क दर काही मिनिटांनी काम थांबवून स्वतःला परत जुळवून घ्यायची, त्याला थर्मल रिकॅलिब्रेशन म्हणायचे. वर्ड-एक्सेल वापरणाऱ्याला ते कळायचंही नाही, पण १९९० नंतर लोक कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॅप्चर करायला लागले आणि नेमका लग्नाच्या मंगलाष्टकात डिस्कने श्वास घेतला की फ्रेम गायब. मग कंपन्यांनी ‘एव्ही’ (ऑडिओ-व्हिडिओ) नावाने वेगळ्या डिस्क विकल्या, मायक्रोपोलिसच्या फार गाजल्या. शेवटी खुणा प्रत्येक तबकडीवर डेटाच्या मधेमधे लिहायला लागले आणि हा त्रास मुळातूनच गेला. उष्णतेने ट्रॅक हरवणं हा विषय तिथे साधारण मिटला.

पण तोपर्यंत वेगाची हौस सुरू झाली होती. १९९२ ला सीगेटची बाराकुडा डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, १९९६ ला चीता १०,००० ची, २००० मध्ये १५,००० ची. आता आत हवा आहे आणि ती घुसळायला ताकद लागते, वेग दुप्पट केला की ही ताकद दुप्पट नाही तर सहा-सात पट लागते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. तबकडीचा आकार तर याहून महागात पडतो. म्हणूनच त्या १५,००० वाल्या डिस्कचा बाहेरचा डबा साडेतीन इंची दिसला तरी आतल्या तबकड्या जेमतेम अडीच इंचाच्या आसपास होत्या. हे लोकांना माहीतच नसतं, डबा बघून फसतात. २००८ ची वेस्टर्न डिजिटलची व्हेलोसिरॅप्टर तर उघडउघड अडीच इंची डिस्क होती, पट्ट्या-पट्ट्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये (उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या सांगाड्यात) बसवून साडेतीन इंची म्हणून विकलेली.

‘हात लावला तर चटका बसतो’ ही भीती याच काळातली, आणि घरोघरी तिचं कारण डिस्कपेक्षा कॅबिनेट जास्त होतं. आमच्या जळगावच्या काकांच्या मशीनमध्ये फ्लॉपी ड्राइव्हच्या खाली चिकटून एक डिस्क, तिच्या खाली चिकटून दुसरी, मधे बोट जाईल इतकीही जागा नाही, पुढे पंखा नाही, आणि वरून खोलीच ४४ ला. उपाय सगळ्या खानदेशाला माहीत असलेलाच, साइड पॅनेल काढायचं आणि टेबल फॅन लावायचा. डिस्क गार राहायची, धूळ मात्र पोतंभर. खालची डिस्क एक कप्पा सोडून बसवली असती तरी बरंच काम झालं असतं, पण स्क्रू काढायचा कंटाळा.

तोवर स्मार्ट आलं होतं, म्हणजे डिस्क स्वतःची तब्येत स्वतः सांगते, त्यातला १९४ नंबरचा आकडा तापमानाचा. आकडा दिसायला लागला आणि माणसं घाबरायला लागली, बीपीचं मशीन घरी आणल्यावर होतं तसं.

मग २००७ ला गुगलच्या तिघांनी, पिन्हेरो, वेबर आणि बारोसो, एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला आणि सगळ्यांची झोप उडवली. तापमान आणि डिस्क मरणं यांचा संबंध फारच थोडा, उलट थंड डिस्क जरा जास्त मेल्या. हे वाचून कित्येकांनी पंखे काढून टाकले, पण त्याच पेपरात तीन वर्षांपेक्षा जुन्या डिस्कला जास्त तापमान बाधलेलं दिसतं ते कोणी वाचलं नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये बघितलं तर त्यांना तापमानाचा संबंध चांगलाच पक्का दिसला. २०१४ ला बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअपवाल्या कंपनीने आपले आकडे मांडले, तिथे बहुतेक मॉडेलना काही फरक नाही. माझं मत असं की हे सगळे खरं बोलतायत. डेटा सेंटरमधली डिस्क तिशी-चाळिशीत आरामात बसलेली असते, त्या पट्ट्यात दोन-चार डिग्रीने काय होणार? आपल्या माळ्यावरच्या बंद कपाटातल्या डिस्कला ते निकाल जसेच्या तसे लावायचे नसतात.

आपल्यासाठी खरा महत्त्वाचा अभ्यास २०१६ चा, मायक्रोसॉफ्ट आणि रटगर्स विद्यापीठाचा, नऊ डेटा सेंटर, दहा लाखांवर डिस्क. त्यात तापमानापेक्षा हवेतला दमटपणा जास्त घातक निघाला, आणि बिघाड मुख्यतः कंट्रोलर (डिस्क चालवणारं सर्किट) आणि जोडण्यांमध्ये. साध्या डिस्कवर एक बारीक भोक असतं, शेजारी लिहिलेलं असतं हे झाकू नका. तापली की डिस्क त्यातून हवा सोडते, गार झाली की आत घेते, फिल्टर धूळ अडवतो पण ओल पूर्ण अडत नाही. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा रत्नागिरीच्या जुलैची मला जास्त काळजी वाटते.

२०१३ ला एचजीएसटी या डिस्क कंपनीने भोकच काढून टाकलं, डबा सील करून आत हेलियम भरला. घनता हवेच्या सातव्या हिश्शाएवढी, घुसळायला सोपा, म्हणून सात तबकड्या असूनही डिस्क गार. आणि आता सीगेटच्या नव्या ३० टीबीच्या डिस्कमध्ये लिहिताना लेझरने तबकडीवरचा एक ठिपका क्षणाच्याही बारीक भागासाठी ४०० डिग्रीच्या वर तापवतात. पण डब्याबाहेरची मर्यादा तीच, साधारण ६०.

पंख्याबद्दल एक राहिलंच. २००८ च्या शेवटी सन या कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कच्या रॅकसमोर जाऊन मोठ्याने ओरडला आणि ग्राफवर डिस्क अडखळताना दिसल्या. आवाजाच्या कंपनाने हेड हलतं. तेव्हा डिस्कच्या पिंजऱ्याला घट्ट आवळलेला, घरघरणारा ३००० आरपीएमचा पंखा लावून ३२ डिग्री मिळवण्यात काही हशील नाही. माझ्या मशीनमध्ये १२० एमएमचा एकच पंखा आहे, ८०० वर फिरतो, मे मध्ये डिस्क ४३-४४ दाखवते. अलार्म ५० ला लावलाय, गेल्या वर्षी एकदाच वाजला, मांजर पुढच्या जाळीला टेकून झोपलं होतं.